माइनक्राफ्टमध्ये घर दर वेळी डबाच का होतं? दुखणं आणि इलाज

ठोकळे, म्हणजे ब्लॉक, रचून बांधकाम करायच्या या गेममधलं हे लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नवीन वर्ल्ड उघडलं की या वेळी झकास घर बांधायचं असं ठरतं. पहिल्या रात्री घाईघाईने कॉबलस्टोनच्या (ओबडधोबड दगडाच्या, पुढे नुसतं ‘कॉबल’) चार भिंती उभ्या राहतात, वर फळ्यांचं सपाट झाकण बसतं, आत बेड आणि भट्टी. सकाळी त्याच खोलीला एक चेस्टची (सामानाच्या पेट्यांची) खोली जोडली जाते, मग आणखी एक. आठवड्याने लांबून बघावं तर पत्र्याच्या डब्यांची रांग दिसते. मग कोणीतरी सांगतं की कॉबल काढ आणि क्वार्ट्झ लाव. पांढरा डबा तयार होतो.

हे दुखणं ब्लॉक बदलून जात नाही, कारण ते ब्लॉकमध्ये नसतंच. सुरुवात भिंतीपासून होते, तिथेच घोळ होतो. भिंत आधी आली की खांब, छप्पर, खिडकी या सगळ्या गोष्टी तिच्या सपाटीत चिकटवाव्या लागतात. आपल्याकडचे जुने लाकडी वाडे बघा: लाकडाचा सांगाडा भार घेतो आणि भिंत त्या सांगाड्याच्या मध्ये भरलेली असते. गेममध्ये भार वगैरे काही नसतो, वाळू आणि खडीसारखे मोजके ब्लॉक सोडले तर सगळं हवेत लटकतं. तरी बांधायचा क्रम तोच ठेवायचा: खांब, मग छप्पर, भिंत सगळ्यात शेवटी.

सपाट भिंत मेलेली का दिसते

यामागचं कारण बरेच जण शोधत नाहीत, आणि म्हणून चुकीच्या ठिकाणी मलम लावत बसतात. साध्या ग्राफिक्समध्ये घराची किंवा झाडाची सावली सूर्याप्रमाणे सरकत नाही. ब्लॉकच्या कोणत्या बाजूला किती उजेड दाखवायचा याचं प्रमाण ठरलेलं आहे. जावा आवृत्तीत (कॉम्प्युटरवरच्या) वरची बाजू पूर्ण उजळ, उत्तर-दक्षिणेकडच्या बाजू सुमारे 80 टक्के, पूर्व-पश्चिमेकडच्या 60 टक्के आणि खालची निम्मी. म्हणजे एका सपाट भिंतीतले सगळे ब्लॉक अगदी सारख्याच उजेडात उभे असतात, दुपार असो की संध्याकाळ. डोळ्याला पकडायला काहीच मिळत नाही. (जाता जाता: घराची दर्शनी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवली तर ती थोडी उजळ दिसते, ती याच कारणाने.)

सेटिंगमध्ये ‘स्मूथ लायटिंग’ चालू असेल, तर जिथे दोन ब्लॉक आतल्या कोनात भेटतात तिथे गेम हलका काळसरपणा टाकतो. आपल्या हातातलं खरं हत्यार हेच. एक खांब भिंतीच्या एक ब्लॉक पुढे आणला की त्याच्या दोन्ही अंगांना काळसर रेघ उमटते. छप्पर एक ब्लॉक बाहेर काढलं की वळचणीखाली उजेड (गेममध्ये तो 0 ते 15 असा मोजतात) 15 वरून 14 वर येतो, आणि उलट्या बसवलेल्या पायऱ्यांचा, म्हणजे पायरीच्या आकाराच्या ब्लॉकचा, तळ तर आधीच निम्म्या उजेडाचा. एवढ्यावर भिंत जिवंत होते, मग ती साध्या कॉबलची का असेना. बेडरॉकवर (फोन-कन्सोलवर चालणाऱ्या आवृत्तीवर) 2025 पासून चांगल्या फोनवर ‘व्हायब्रंट व्हिज्युअल्स’ आले आणि तिथे सावल्या पडतात. पण सपाट भिंतीवर पडायला सावली आणायची कुठून? पुढे आलेलं काहीतरी लागतंच.

तयार डबा न पाडता सुधारायचा असेल तर

बहुतेकांना हाच प्रश्न असतो, कारण आत चेस्ट भरलेल्या असतात आणि घर पाडायचा कंटाळा येतो. पाडायची गरजही नाही.

समजा पहिल्या रात्रीची खोली बाहेरून 5 बाय 7 आहे. तिला हात लावू नका. तिच्याभोवती लागूनच, सगळीकडून एकेक ब्लॉक वाढवून, 7 बाय 9 ची चौकट जमिनीवर आखा. चार कोपऱ्यांवर लॉगचे (झाडाच्या खोडाच्या ब्लॉकचे) खांब उभे करा, तीन ब्लॉक उंच. लांब बाजूंच्या मधोमध आणखी एकेक खांब. खांबांच्या डोक्यावरून सगळीकडे आडवे लॉग फिरवा, ही झाली तुळई. लॉग आडवा बसवायला तो शेजारच्या ब्लॉकच्या उभ्या बाजूवर टेकवून ठेवायचा, जमिनीवर ठेवला तर उभाच राहणार. जुनी कॉबलची भिंत आता आपोआप एक ब्लॉक आत गेली आणि तिला दोन खण मिळाले.

खांबांच्या पायाशी, दोन खांबांच्या मध्ये, कॉबलच्या किंवा स्टोन ब्रिकच्या पायऱ्या बसवा, पाठ भिंतीला लावून. हे जोतं. जोत्याशिवाय घर जमिनीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखं दिसतं, आणि ही कमतरता फोटोत पटकन ध्यानात येत नाही. फक्त काहीतरी खटकत राहतं. उतारावर बांधत असाल तर जोतं दुप्पट कामाचं: टेकडी सपाट करत फावडी झिजवण्यापेक्षा खालच्या बाजूला जोतं दोन-तीन ब्लॉक उंच करा आणि वर घर सरळ येऊ द्या. डोंगरउतारावरची घरं अशीच बसलेली असतात.

आता छप्पर. दोन्ही बाजूंना एकेक ब्लॉक वळचण धरली तर रुंदी 9 आणि लांबी 11 होते. प्रत्येक पाख्यावर पायऱ्यांच्या 4 ओळी, मध्ये आढ्याची एक. म्हणजे 88 पायऱ्या आणि आढ्याला 11 स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक). क्राफ्टिंग टेबलावर 6 फळ्यांच्या 4 पायऱ्या होतात, तेव्हा पायऱ्यांना 132 फळ्या आणि स्लॅबना 6. एका लॉगच्या चार फळ्या, म्हणून छपराचेच 35 लॉग झाले. खांब आणि तुळईचे 46. दोन टोकांच्या त्रिकोणांना मिळून वीसेक फळ्या, म्हणजे आणखी पाच लॉग. सगळा हिशेब दीड स्टॅकच्या (एक स्टॅक म्हणजे 64) आत बसतो. छोट्या ओकमधून चार ते सहाच लॉग निघतात, त्यामुळे ओकच्या मागे लागाल तर जंगल साफ होईल. ओल्ड ग्रोथ तैगा (उंच सूचिपर्णी झाडांचं थंड जंगल) जवळ असेल तर चार खोडांचा मोठा स्प्रूस शोधा, एखाद-दोन झाडांत काम भागतं. स्प्रूसचा गडद तपकिरी रंग करड्या कॉबलवर ओकपेक्षा उठूनही दिसतो.

दगडी छप्पर हवं असेल तर स्टोनकटर (दगड कापायचं यंत्र) आधी बनवा: एक लोखंडाची वीट आणि तीन स्टोन. कॉबल नाही, भट्टीत भाजलेला स्टोन. टेबलावर 88 पायऱ्यांना 132 ब्लॉक जातात, स्टोनकटरवर एका ब्लॉकची एक पायरी, म्हणजे 88 च. लाकूड मात्र त्यात कापता येत नाही.

पायऱ्या भलत्याच दिशेला बसतात

छपराचं काम याच ठिकाणी सुटतं आणि लोक पुन्हा सपाट झाकणाकडे वळतात. पायरीची खालची बाजू नेहमी तुमच्याकडे येते आणि उंच पाठ पलीकडे जाते. त्यामुळे पाख्यावर काम करताना घराच्या बाहेर, घराकडे तोंड करून उभं राहायचं. आत उभं राहून लावाल तर प्रत्येक पायरी उलटी येईल. उलटी पायरी मुद्दाम हवी असेल, म्हणजे वळचणीच्या खाली, तेव्हा शेजारच्या ब्लॉकच्या बाजूच्या वरच्या अर्ध्या भागावर टेकवा. फोनवरही तसंच: बोट वरच्या अर्ध्यात लागलं पाहिजे.

बाहेर उभं राहायचं तर कशावर? मातीचे खांब रचून नंतर ते खणत बसू नका. सहा बांबू आणि एक दोरा दिला की सहा स्कॅफोल्डिंग मिळतात. त्यावरून चढता-उतरता येतं आणि तळचा एक तोडला की सगळी परांची कोसळून सामान परत हातात येतं. बांबू मिळाला नसेल तर स्नीक (वाकून चालायचं बटण) दाबून कडेला लटका, पडणार नाही.

दोन ओळी काटकोनात भेटतात तिथे पायरी आपोआप कोपऱ्याचा आकार घेते. बहुतेक वेळा ते हवंच असतं. नको असेल तिथे मध्ये एक पूर्ण ब्लॉक घाला, गोंधळ थांबतो.

छप्पर घरापेक्षा मोठं होतं

पायऱ्यांचा उतार 45 अंशांचा असतो, त्यामुळे रुंदी वाढली की उंची तितक्याच वेगाने वाढते. 7 रुंदीच्या घरावर वळचण धरून चार ओळी लागतात, 15 रुंदीच्या घरावर आठ. मग तीन ब्लॉकची भिंत आणि तिच्यावर आठ ब्लॉकचं छप्पर, असा टोपीखाली दबलेला प्रकार होतो.

यावर दोन उपाय आहेत आणि मला दुसरा जास्त पटतो. पहिला म्हणजे पायऱ्यांऐवजी स्लॅब: अर्ध्या-अर्ध्या ब्लॉकने चढत गेलं की उतार जवळपास निम्मा होतो. दुसरा म्हणजे मुळात घर एवढं रुंद ठेवूच नका. खोल्या जास्त हव्यात तर 7 रुंदीच्या घराला काटकोनात 5 रुंदीचा दुसरा भाग जोडा. अरुंद भागाचं आढं आपोआप खाली राहतं आणि मोठ्या पाख्यात घुसतं. एवढ्या एका गोष्टीने घर वेगवेगळ्या काळात वाढत गेल्यासारखं वाटू लागतं. सर्व्हायव्हलमध्ये (सामान स्वतः गोळा करायच्या खेळात) ते खरोखर तसंच वाढलेलं असतं, म्हणून हा आकार तिथे शोभतो.

रुंदी विषम ठेवा: 5, 7, 9. विषम रुंदीला आढ्याची एकच ओळ येते आणि दार बरोबर मध्ये बसतं. सम रुंदीला माथा दोन ब्लॉकचा सपाट होतो. ते वाईट नाही, पण दारही दुहेरीच करावं लागतं.

छपराच्या दोन टोकांच्या तिरक्या कडा वेगळ्या सामानाच्या करा. स्प्रूसच्या पाख्याला कॉबलच्या पायऱ्यांची कड, किंवा उलट. कष्ट फार थोडे आणि फरक मोठा. एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा.

खिडक्या असूनही चेहरा येत नाही

काचेचा पूर्ण ब्लॉक भिंतीच्या सपाटीतच बसतो, म्हणून खिडकी स्टिकरसारखी वाटते. पातळ काच वापरा. ती ब्लॉकच्या मधोमध उभी राहते आणि बाहेरच्या बाजूला जवळपास अर्ध्या ब्लॉकची खोली मिळते. वर स्वस्तही आहे: 6 काचांच्या 16. खिडकीच्या दोन्ही अंगांना ट्रॅपडोअर उघडून लावले की झडपा झाल्या. खाली एक उलटी पायरी किंवा ट्रॅपडोअर, त्यावर पानांचा ब्लॉक. हाताने लावलेली पानं वाळून गळत नाहीत, फक्त ती मिळवायला कात्री लागते.

एका खणात एक खिडकी, खणाच्या मध्ये. खांब आधी उभे असले की खिडक्यांची जागा वेगळी ठरवावी लागत नाही.

खूप ब्लॉक वापरले आणि कचरा झाला

डब्याला कंटाळलेला माणूस हमखास या टोकाला जातो. आठ प्रकारचं लाकूड, त्यात टेराकोटा, मध्येच प्रिझमरीन. तीन सामानं पुरतात: एक भिंतीला, एक सांगाड्याला, एक छपराला. निवडताना रंगापेक्षा गडद-फिका फरक बघा. बर्चच्या फळ्यांवर डार्क ओकचे खांब उठतात. ओकच्या फळ्यांवर ओकचेच लॉग ठीक दिसतात, फार नाही. ओकच्या फळ्यांवर साल काढलेले ओकचे लॉग मात्र दिसेनासे होतात. तपासायची सोपी रीत: जावावर एफ2 दाबून स्क्रीनशॉट घ्या, फोनच्या एडिटरमध्ये काळा-पांढरा करा आणि अंगठ्याएवढा लहान करून बघा. खांब भिंतीपासून वेगळे कळले तर जमलं. सगळा एक करडा ठिपका दिसला तर दोन्हींपैकी एक बदला.

भिंतीत पोत हवा असेल तर कॉबल, अँडेसाइट आणि स्टोन यांचे रंग जवळचे आहेत, ते मिसळता येतात. पण एक सोडून एक असे ठेवू नका. शेवाळलेलं कॉबल जमिनीजवळ, पाण्याच्या बाजूला, पावसाचं पाणी साचेल अशा कोपऱ्यात. वर जाताना ते कमी होत संपावं. का आहे हे सांगता येत नसेल तो ब्लॉक काढून टाका.

जुन्या व्हिडिओंच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. अँडेसाइट आणि ग्रॅनाइट 2014 साली गेमच्या 1.8 आवृत्तीत आले, पण त्यांच्या पायऱ्या 2019 च्या 1.14 पर्यंत नव्हत्या. स्टोनकटरचा सध्याचा उपयोग, स्कॅफोल्डिंग, कॅम्पफायर हेही त्याच सुमाराचे. त्याआधीच्या शिकवण्यांमध्ये लोक जी कसरत करताना दिसतात, तिच्यातली बरीचशी आता करावी लागत नाही. त्याच 1.14 मध्ये गेममधली गावं नव्याने बांधली गेली, आणि शिकायला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. तैगातल्या गावात स्प्रूस आणि कॉबलचं काम बघा, सव्हानात अ‍ॅकेशिया आणि टेराकोटाचं. एखादं घर आवडलं तर ब्लॉक-ब्लॉक मोजून आपल्याकडे उतरवा. त्यात लाज कसली.

कोकणातलं घर बांधायचं आहे

हे मराठी खेळाडूंचं खास मागणं, आणि ते जमतं. 2022 च्या 1.19 आवृत्तीत चिखल आला तेव्हापासून तर फारच चांगलं जमतं. मातीवर पाण्याची बाटली ओतली की चिखल, त्यात गहू घातला की घट्ट चिखल, आणि त्याच्या चार ब्लॉकच्या चार मडब्रिक. त्यांना पायऱ्या आणि स्लॅबही आहेत. जांभ्याच्या रंगाला साधा, न रंगवलेला टेराकोटा सगळ्यात जवळचा, पण टेराकोटाच्या पायऱ्या होत नाहीत. म्हणून चिऱ्याची भिंत टेराकोटाची आणि जोतं ग्रॅनाइटचं असं वाटून घ्या. कौलांना खारफुटीच्या लाकडाच्या किंवा विटांच्या पायऱ्या. खारफुटीचा रंग पावसाळ्यातल्या कौलांसारखा गडद लाल येतो, विटांचा जरा फिका.

खरी गंमत पडवीची. मुख्य छप्पर पायऱ्यांचं उभं ठेवा आणि ते जिथे संपतं तिथून पुढे तीन ब्लॉक स्लॅबचा मंद उतार काढा, खाली बारीक खांब कुंपणाच्या काठ्यांचे. दोन उतारांचा तो मोड दिसला की हे घर कुठलं आहे ते सांगावं लागत नाही. पडवी इतकी खाली येऊ द्या की दारातून जेमतेम जाता येईल. खेळाडूची उंची 1.8 ब्लॉक आहे, म्हणजे दोन ब्लॉक मोकळे ठेवले की पुरे. उंच, ऐसपैस पडवी केली तर ती बस स्टँडची शेड होते. अंगणात नक्षीचा स्टोन ब्रिक आणि त्यावर कुंडीत फर्न: वृंदावन झालं.

सगळीकडे टॉर्च लावून शोभा जाते

ही सवय जुन्या नियमाची आहे. पूर्वी उजेड 7 किंवा कमी असला की मॉब (हल्ला करणारे राक्षस) जन्मायचे. 2021 च्या 1.18 पासून ओव्हरवर्ल्डमध्ये (गेमच्या मुख्य जगात) उजेड 0 असेल तरच ते येतात. टॉर्चचा उजेड 14 असतो आणि दर ब्लॉकला 1 ने उतरतो. 7 बाय 9 च्या घराला आडवी भिंत नसेल तर आत एक कंदील पुरतो. बाहेर खांबावर एक टांगा आणि पायवाटेवर अधूनमधून. आणखी हवा असेल तर जमिनीत ग्लोस्टोन पुरून त्यावर गालिचा टाका, उजेड वर येतो आणि दिवा दिसत नाही.

घर चांगलं झालं आणि जळलं

लाकडी घरात नेदररॅकवर (कायम जळत राहणाऱ्या दगडावर) आग पेटवून चूल केली की हे होतं. लाव्हाचंही तेच. कॅम्पफायर वापरा, त्याची आग पसरत नाही. धुराड्याच्या तोंडाशी कॅम्पफायर आणि त्याच्या खाली गवताचा गठ्ठा ठेवला तर धूर खूप उंच जातो आणि लांबून घर ओळखू येतं. विजेसाठी तांब्याच्या तीन विटांचा लायटनिंग रॉड करा, पण तो लाकडी छपरावर लावू नका. अंगणात दगडी खांब करून त्यावर लावा.